आभाळ आलंय? कसं आलंय ते बघा, मगच पंप उचला



या आठवड्यात सगळ्यात जास्त फोन एकाच प्रश्नाचे: "सर, आभाळ आलंय, सोयाबीन फवारू का?" माझं म्हणणं असं, की नुसतं आभाळ आलंय सांगू नका, *कसं* आलंय ते सांगा.

☁️ *गडगडाटी ढग:* कोबीच्या गड्ड्यासारखा वर फुगत जातो, कडा स्पष्ट दिसते. अर्धा-पाऊण तास झोडपतो अन् मोकळा होतो. शेजारच्या शिवारात थेंबही नसतो. (हा दिसला की झाडाखाली थांबू नका, वीज पडते.)

🌧️ *झडीचा ढग:* याला कडाच नसते. करड्या घोंगडीसारखा सगळं आभाळ झाकतो. गडगडाट सहसा नाही. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा-छत्तीसगडवरून विदर्भ-मराठवाड्याकडे सरकतं, तेव्हा मोठ्या पट्ट्यात ओली हवा हळूहळू वर चढते. म्हणून ढग पसरट अन् पाऊस तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस.

*खूण:* बऱ्याचदा आधी सूर्य दुधी काचेआडून दिसावा तसा फिका होतो, सावली पडत नाही. मग थर जाड होऊन खाली उतरतो. सूर्य कुठंय तेच कळेना, की झड आलीच समजा.

फसगत इथंच होते. काळ्या ढगाला आपण भितो, करड्याला नाही. मागच्या वर्षी मीच एका सभासदाला म्हणालो, "आभाळ काळं नाही, उरकून घ्या." ३ एकर फवारणी झाली अन् संध्याकाळी झड लागली. औषध गेलं, मजुरी गेली. चूक माझी होती.

"अळी थांबते का?" असं काही जण म्हणतील. नाही थांबत. पण धुऊन गेलेल्या औषधानं ती मरतही नाही. स्टिकर टाकलं तरी दोन दिवसांच्या झडीत भरवसा नाही. त्यापेक्षा तो वेळ चर मोकळे करायला द्या, युरिया थांबवा. काळ्या रानात पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं.

मेघदूत ॲप बघाच, पण त्यातला अंदाज सगळ्या तालुक्याचा असतो. तुमच्या बांधावरचं आभाळ तुम्हालाच दिसतं.

फवारणीआधी आभाळाचा फोटो अन् गावाचं नाव पाठवा. मिळून ठरवू.

– तुमचा कृषी सल्लागार