बेसी स्मिथ यांचें गाणें

परवां दिवेलागणीनंतर घरांतील मुलांनीं एका जुन्या अमेरिकन तबकडीचें गाणें भ्रमणध्वनीवर लावलें. "असलें बाजारी रडगाणें तिन्हीसांजेला कशाला?" म्हणून आमच्या आत्याबाईंनीं कपाळास आठ्या घातल्या, पण मागें पेटीसारखा सूर ऐकतांच त्यांनींहि क्षणभर कान दिला.

तें गाणें डब्ल्यू. सी. हँडी यांचें 'सेंट लुई ब्लूज'. १९२५ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें तें मुद्रित झालें. गाणाऱ्या बेसी स्मिथ, कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग, आणि साथीस आपल्या पेटीच्याच जातीचा, भात्यावर चालणारा बाजा. बाईंची एक ओळ संपते न संपते तोंच कॉर्नेट तिला उत्तर देतो. गवई आणि सारंगिया यांचा असा संवाद आपल्या कानांस परका नाहीं.

ब्लूज हें अमेरिकेच्या दक्षिणेंतील कष्टकरी कृष्णवर्णीयांचें गाणें. त्याच्या नेहमींच्या कडव्यांत ओळी तीन, आणि त्यांतली दुसरी म्हणजे बहुधा पहिलीचाच पुनरुच्चार. गांधार व निषाद असे कीं, धड शुद्ध नाहींत, धड कोमल नाहींत. बाजा आपल्या ठरलेल्या स्वरांवर स्थिर राहतो आणि बाईंचा आवाज त्या स्वरांच्या मधल्या फटींतून उतरतो. आम्हांस यांतच त्यांची थोरवी दिसते.

बेसीबाईंचा जन्म १८९४ चा, चॅटानूगा गांवचा. आईबाप लहानपणींच गेले. भाऊ गिटार वाजवी आणि ही पोर रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवी. १९१२ सालीं त्या फिरत्या मंडळींत शिरल्या. १९२३ सालीं कोलंबिया कंपनीनें काढलेली त्यांची पहिलीच तबकडी कित्येक लाख खपली. मात्र बाईंस गाण्यामागें ठराविक रक्कम मिळे. खपांतला हिस्सा नाहीं.

२६ सप्टेंबर १९३७ रोजीं मिसिसिपी प्रांतांत मोटारीच्या अपघातानें त्यांचा अंत झाला. गोऱ्यांच्या इस्पितळानें दार लावून घेतलें म्हणून त्या दगावल्या, अशी कथा पुष्कळ वर्षें छापली गेली. ती खरी नव्हे. त्यांना नेलें तेंच कृष्णवर्णीयांच्या इस्पितळांत. पण खरी हकीकत कमी बोचणारी नाहीं. फिलाडेल्फियाजवळील त्यांच्या थडग्यावर जवळजवळ तेहेतीस वर्षें नांवाचा दगडहि नव्हता! १९७० सालीं तो बसला, त्याचा खर्च दोघींनीं उचलला: एक गायिका जॅनिस जॉप्लिन, आणि दुसरी, लहानपणीं बाईंच्या घरीं काम केलेली एक स्त्री. ज्यांच्या तिजोऱ्या त्या आवाजानें भरल्या, त्यांना एवढ्या वर्षांत हें सुचूं नये याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

आत्याबाईंचा आक्षेप त्या देशांतहि जुनाच आहे. न्यू ऑर्लिन्सच्या महालिया जॅक्सन धर्मनिष्ठ मावशीच्या धाकांत वाढल्या. ब्लूज त्या घरांत वर्ज्य. मावशी बाहेर गेली कीं ही मुलगी बेसीबाईंच्या तबकड्या लावी आणि त्यांच्यासारखा आवाज काढूं पाही. पुढें जगप्रसिद्ध झाल्यावरहि महालियाबाईंनीं ब्लूज गाण्याचें नाकारलें, जन्मभर ईश्वराचीं गीतेंच गाइलीं. परंतु लहानपणीं आपण कोणाचें ऐकत होतों, हें त्यांनीं कधीं लपविलें नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर आत्याबाईंनीं गाणें पुन्हां लावावयास सांगितलें, मात्र जरा हळू.