लघवीची घाई आणि पुरुषांचे मौन

घरातला तरुण मुलगा दर अर्ध्या तासाने उठून लघवीला जातो, लांबच्या प्रवासाला नको म्हणतो, जुम्याच्या नमाजीला दाराजवळची जागा धरतो. घरचे म्हणतात, ‘साखर तपासून घे.’ साखर तपासावीच. पण ती ठीक निघाली आणि त्याच्या जोडीला पायात मुंग्या, चालताना तोल जाणे, मध्येच एका डोळ्याने अंधुक दिसणे असे काही असेल, तर नसांच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार असा सुरू होऊ शकतो. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी 1868 मध्ये त्याचे नीट वर्णन केले. आपल्याकडे अजून अनेकांनी त्याचे नावही ऐकलेले नाही.

विजेच्या वायरीवर असते तसे नसांवरही एक आवरण असते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या व मणक्यातल्या नसांचे ते आवरण कुरतडते आणि निरोप उशिरा पोचतात किंवा वाटेत हरवतात. स्त्रियांना तो पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त होतो. सुरुवात बहुधा 20 ते 40 या वयात, म्हणजे नोकरी आणि निकाहाच्याच दिवसांत होते. तो संसर्गाने पसरत नाही. अर्ध्याहून अधिक रोग्यांना कधी ना कधी लघवीचा त्रास होतो, आणि पुरुष तो सर्वांत जास्त लपवतात. म्हणून आज त्यांच्याविषयीच लिहितो.

लघवीच्या पिशवीत साधारण 400 ते 500 मिलिलिटर मावते. पिशवी आवळली की खालची झडप सैल व्हायला हवी. हा मेळ मेंदू आणि मणका घालतात. तो बिघडला की कुणाची पिशवी थोडी भरताच आवळते, घाई होते, कपडे ओले होतात. कुणाची पूर्ण रिकामीच होत नाही. कुणाची पिशवी आवळते त्याच वेळी झडपही बंद होते. गंमत अशी की तिघांची तक्रार एकच असते, ‘सारखे जावे लागते.’ उपाय मात्र निराळे. पहिल्याला पिशवी शांत करणारी सॉलिफेनॅसिन, ऑक्सिब्युटिनिन अशी गोळी देतात. तीच गोळी दुसऱ्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतली तर लघवी आणखी तुंबते. म्हणून गोळीआधी लघवी करून झाल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीत पाहावे. तपासणी साधी आहे, दुखत नाही.

बरेच उरत असेल तर डॉक्टर दिवसातून काही वेळा स्वतःच बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकवतात. ऐकून अंगावर काटा येतो खरा, पण सवयीने ते काही मिनिटांचे काम होते आणि मूत्रपिंडे वाचतात. गोळ्यांनी भागले नाही तर पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सचे इंजेक्शन देतात. त्याचा गुण काही महिने टिकतो.

घाईच्या भीतीने पाणी तोडणारे पुष्कळ आहेत. यासारखी उलटी युक्ती नाही. घट्ट लघवी पिशवीला जास्त टोचते, जंतू वाढतात, मलावरोध होतो आणि भरलेले आतडे पिशवीवर दाबते. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे, झोपण्याआधी दोन तास आवरते घ्यावे. चहा मात्र खुशाल कमी करावा. ताप येऊन पाय एकाएकी लुळे वाटू लागले, तर आजार उलटला असे समजण्याआधी लघवी तपासावी. पुष्कळदा आत जंतुसंसर्गच असतो.

आता दुसरी गोष्ट, जी नवरा बायकोलाही सांगत नाही. लघवीच्या आणि पुरुषाच्या ताठरतेच्या नसा मणक्याच्या एकाच खालच्या भागातून निघतात. त्यामुळे दोन्ही त्रास बरोबर येणे स्वाभाविक आहे. त्यात थकवा, पायांचा ताठरपणा, मध्येच लघवी होईल ही धास्ती, कधी उदासीवरच्या गोळ्यांचा परिणाम. बायकोला वाटते याचे मन उडाले. याला वाटते आपण मर्द राहिलो नाही. मग रेल्वेच्या भिंतीवरची ‘गुप्तरोग’ची जाहिरात आठवते. तिकडे जाऊ नये. अशा काही पुड्यांत सिल्डेनाफिलची चोरून केलेली भेसळ सापडलेली आहे. हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली या रोग्यांपैकी अनेकांना उपयोगी पडते. पण हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने घेतले तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतते. बाकी साधे उपाय आहेतच: आधी लघवी करून घेणे, खोली थंड ठेवणे, रात्रीच्या थकव्याऐवजी पहाटेची वेळ निवडणे. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण या आजारावरची काही औषधे त्या काळात चालत नाहीत.

लघवी सतत झिरपते म्हणून नमाज सोडून बसलेलेही आहेत. फिकहमध्ये अशा रोग्याला माजूर म्हणतात. हनफींच्या मते एका नमाजीच्या वेळेसाठी केलेला वुजू ती वेळ संपेपर्यंत झिरपण्याने तुटत नाही. कोकणातल्या आपल्या शाफई भावांनी वेळ झाल्यावर प्रत्येक फर्जसाठी नवा वुजू करायचा असतो. माजूर कोण ठरतो याच्या अटी आहेत, त्या आपल्या मुफ्तींना विचाराव्यात. रोजाबाबतही आजाऱ्याला सवलत आहे. त्या महिन्यात नळी आणि गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या ते आधी डॉक्टरांशी बोलावे.

दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टर हे स्वतःहून विचारत नाहीत. जाण्याआधी तीन दिवस कधी लघवी झाली, मापाच्या भांड्यात किती भरली, कधी कपडे ओले झाले, हे कागदावर लिहून ठेवावे. खाली एका ओळीत दुसरी तक्रारही लिहावी आणि तोंडाने सांगणे जड वाटले तर तो कागदच डॉक्टरांच्या हातात द्यावा.