फुल टू धारूर!

'एडलवाइस' हे नाव ऐकलंय? 'साउंड ऑफ म्युझिक' बघितलेल्यांनी तर नक्कीच. आल्प्समधलं हे इवलंसं पांढरं फूल. लोकरीचं जाकीट घातल्यासारखं दिसतं. राहायला चुनखडीचे कडे, तेसुद्धा साधारण १८०० ते ३००० मीटर उंचीवर. अंगावरची लव त्याला कोरडा वारा आणि कडक उन्हापासून सांभाळते. पूर्वी तिकडचे हीरो पोरींना इम्प्रेस करायला हे फूल आणण्यासाठी कडे चढायचे आणि काहीजण कोसळायचेसुद्धा! फुलं एवढी ओरबाडली गेली, की एकोणिसाव्या शतकातच त्यांना वाचवायला कायदे करावे लागले. आज ऑस्ट्रियाच्या दोन सेंटच्या नाण्यावर एडलवाइस मिरवतंय.

थोडक्यात काय, खडकातून उगवणाऱ्या फुलाचा तिकडे फुल टू रुबाब. आणि आपल्याकडे?

आपल्याकडे धारूर आहे. बीड जिल्हा, बालाघाटची रांग. १५६७ मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखानानं बांधून घेतलेला किल्ला आणि २०१६ मध्ये जीआय टॅग मिळालेलं बीडचं सीताफळ, एवढी या भागाची जनरल नॉलेजमधली ओळख. इथे आल्प्सची उंची नाही, बर्फ नाही, चुनखडीही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट, त्यावर वीतभरही नसलेली माती, उन्हाळ्यात चाळिशीपार पारा. एप्रिलमध्ये एसटीच्या खिडकीतून बघितलंत तर तोंडातून एकच शब्द निघेल. उजाड!

पण उजाड दिसणं आणि उजाड असणं यात फरक आहे, बॉस. या माळांवरच्या झाडांचा फंडा साधा आहे. बाहेर ऊन भाजतंय? मग कंद होऊन जमिनीखाली झोपा. पहिले दोन-तीन पाऊस झाले की वर या, पटापट फुला, बी धरा आणि पुन्हा गायब. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर वर्षाचं टार्गेट तीन-चार महिन्यांत पूर्ण!

यातलं सगळ्यात भन्नाट कॅरेक्टर म्हणजे कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. भारतात याच्या पन्नासहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. सह्याद्रीत तर हे स्टारच. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची सेरोपेजिया अंजनेरिका ही जात २००६ मध्ये जगासमोर आली आणि २०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. दख्खनच्या कोरड्या माळांवरचा त्याचा भाऊबंद म्हणजे सेरोपेजिया बल्बोसा. विल्यम रॉक्सबर्गनं त्याची नोंद १७९५ मध्येच करून ठेवलीय. फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं. खाली फुगीर नळी, वर पाच पाकळ्या टोकाला जुळलेल्या, अगदी कंदिलासारख्या. चिलटाएवढी माशी आत शिरते. नळीतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे तिला परत वर येता येत नाही. काही वेळानं केस कोमेजतात आणि माशी सुटते, पण परागांची पुडी अंगाला चिकटवूनच. बिचारी पुढच्या फुलात जाऊन पुन्हा अडकते!

आता मुद्द्याची गोष्ट. अशा माळाला सरकारी कागदावर म्हणतात 'पडीक'. आणि पडीक म्हटलं की सगळ्यांचे हात शिवशिवतात. कुणाला खडी हवी असते, कुणाला प्लॉट. आणि तुम्हा-आम्हाला हवं असतं वृक्षारोपण! राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी झाडांपासून सुरू झालेली मोहीम २०१९ मध्ये ३३ कोटींच्या टार्गेटपर्यंत गेली. कंपन्यांच्या सीएसआरच्या बसेसही डोंगरावर जायला लागल्या. टी-शर्ट, टोपी, ग्रुप फोटो. हेतू शंभर टक्के चांगला. पण जिथे मुळात गवत आणि कंद यांचंच राज्य आहे, तिथे खड्डा खणला की कंद उपटला जातो. त्यात ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावली की सावली पडते आणि उन्हावर जगणारी फुलं संपतात. शिवाय ते गवत गावातल्या शेळ्या-मेंढ्यांचं ताट असतं. दसऱ्यानंतर इथली कितीतरी घरं ऊसतोडीला बाहेर पडतात, मागे राहिलेली म्हातारी माणसं याच माळावर चार शेळ्या जगवतात. हिरवं करण्याच्या नादात आपण नेमकं हिरवंच मारतो, ते असं.

म्हणजे झाडं लावूच नका का? लावा ना! बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, तोडलेल्या जंगलात. फक्त माळाला माळ राहू द्या.

कासला जायचं तर आधी बुकिंग करा, तिकीट काढा, शिवाय ट्रॅफिक. तुमच्यापैकी कितीतरी जण मराठवाड्यातले. महालक्ष्म्यांना गावी जाताच की. यंदा एक सकाळ जास्तीची काढा आणि किल्ल्याच्या वाटेवर किंवा घाटाच्या कडेला गवतात जरा वाकून बघा. कंदीलपुष्प सापडेलच याची गॅरंटी नाही, पण दुसरं काहीतरी नक्की सापडेल. फोटो काढा, फूल तोडू नका. आणि बाल्कनीतल्या कुंडीसाठी कंद तर अजिबात उपटू नका. गुराख्याला विचारा, त्याला तुमच्या मोबाइलपेक्षा जास्त नावं माहीत असतात.

आणि हो, पुढच्या पावसाळ्यात एचआरची 'ग्रीन डे'ची मेल आली, की 'काउंट मी इन' लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारा. खड्डे नेमके कुठे खणणार आहोत?