भांडण पिकण्याआधी

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला तो १ मे १९९९ रोजी. जिल्ह्याच्या वाटणीला निदान तारीख असते, कागद असतो. घरातल्या वाटणीला यातले काहीच नसते. कुठल्याशा दिवाळीत थोरल्या सुनेने काही म्हटले, धाकटा ताटावरून उठला आणि पुढच्या मृगात बांधावर दगड रोवला गेला, एवढेच गावाला ठाऊक असते.

बँकेत असताना या नाटकाचा शेवटचा अंक आम्ही टेबलापलीकडून पाहत असू. सामाईक खात्यावर पीककर्ज हवे तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते, आणि नेमका एक भाऊ सहीला येत नाही. सातबाऱ्यावर नावे चार, कोणाचे कोणाशी बोलणे नाही, पेरणी तोंडावर आलेली. 'सायेब, तुम्हीच सांगा त्याला,' असे म्हाताऱ्याने हात जोडून म्हणावे. तीस वर्षे घरात जे बोलले गेले नाही, ते बँकेच्या माणसाने पाच मिनिटांत काय बोलावे?

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे ते काम, आणि चांगले काम. कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा पारावर बसून मिटवणे केव्हाही बरे. पण समितीपुढे भांडण येते ते पिकून. शिवाय पुरस्कार म्हटला की मिटलेल्या तंट्यांची मोजणी आली, आणि मोजणी आली की घाई आली. माणसे समोरासमोर बसून कसे बोलतात, हे शिकवणे समितीच्या कामातच नव्हते.

ते शिकवता येते. आल्फ्रेड अॅडलर यांनी १९२० च्या दशकात व्हिएन्नात पालकांशी इतर पालक-शिक्षकांच्या देखत बोलण्याची पद्धत सुरू केली. थॉमस गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६२ साली मूठभर पालकांचा वर्ग घेतला. त्याचे एक सूत्र अगदी साधे आहे: भांडताना वाक्य 'तू'ने सुरू करू नये, 'मला'ने करावे. 'तुला अक्कल आहे का?' याऐवजी 'तू रात्री आला नाहीस, माझ्या जिवाला घोर लागला.' वाचायला सोपे वाटते. आपल्याकडच्या बापाला म्हणून दाखवायला सांगा. तो बायकोकडे पाहील. आपल्या घरांत बाप आणि तरुण मुलगा यांच्यामध्ये आई पोस्टमनचे काम करते. निरोप इकडून तिकडे नेते आणि दोघांच्याही शिव्या खाते.

म्हणूनच गट हवा. एकट्याने समुपदेशकाकडे जायचे म्हणजे 'याच्या डोक्यात बिघाड झाला' अशी वार्ता संध्याकाळपर्यंत गावभर. पंधरा जण एकत्र बसले तर कोणीच वेडा ठरत नाही. शेजारच्याने आपलीच कहाणी सांगितली की माणूस पहिल्यांदा स्वतःकडे पाहतो. मात्र माईक, शाल-श्रीफळ आणि पुण्याच्या वक्त्याचे दोन तास, याला मी वर्ग म्हणत नाही. तो सत्कार झाला.

एक गोष्ट आधीच ठरवावी लागेल. 'समजुतीने घ्या' हे वाक्य आपण नेहमी कोणाला सांगतो? सुनेला आणि बहिणीला. मार खाणाऱ्या बाईला गटात बसवून तडजोड शिकवणे हा अन्याय आहे. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि तिला त्याची वाट दाखवणे हेच गटाचे काम. तसेच हक्कसोडपत्राचे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरी भाऊबीजेच्या ताटाशेजारी कागद ठेवून बहिणीची सही घेतली जाते आणि त्यालाच आपण गुण्यागोविंदाने नांदणे म्हणतो. जिथे एकाच बाजूने सोडायचे असते तिथे भांडण मिटलेले नसते, दबलेले असते. असली शांतता शिकवणारा वर्ग न झालेला बरा.

जागा शोधायला नको. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे बैठक मारायला खोली आणि माणसे दोन्ही आहेत. वेळ मात्र इथल्या शेतीला विचारून धरावी. ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडे परतली, हळद शिजवून, वाळवून वसमतच्या बाजारात गेली, की अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंतचे दिवस मोकळे. वाटणीच्या गोष्टीही याच दिवसांत निघतात, कारण पेरणीआधी कोणी काय करायचे ते ठरवावे लागते.

मास्तरांना एवढेच सांगणे आहे. निकालाच्या दिवशी मुलांच्या हाती चिठ्ठी द्याल तेव्हा 'पालकांनी यावे' असे लिहू नका. त्याने फक्त आया येतात. 'वडिलांनी यावे' असे लिहा, आणि खाली आजोबांचेही नाव घाला. सातबारा अजून त्यांच्याच नावावर असतो.