धुणं वाळत घालणारी बाई विंगेत का?

गेल्या महिन्यात कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात एका एकांकिका स्पर्धेला गेलो होतो. आपल्या वस्तीतली चार पोरंही सोबत होती. एका महाविद्यालयाने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीवरून बेतलेली एकांकिका केली. टाळ्या पडल्या. परतीच्या रिक्षात आमचा वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. कारण या पोरांना पुढच्या वर्षी तीच कादंबरी घेऊन उभं राहायचं आहे. त्यांनी ती करावी असं माझं मत आहे. पण अशी नाही.

महाविद्यालयाचं नाव देत नाही. मुलं वीस-एकवीस वर्षांची, कष्ट खरे. माझं भांडण त्यांच्याशी नाही, त्यांना जे पाहून नाटक शिकावं लागतं त्याच्याशी आहे.

आधी अभिनय. विन्स्टन करणारा मुलगा पहिल्या मिनिटापासून थरथरत होता. खांदे पडलेले, आवाज फाटलेला, डोळे भिरभिरते. आता कादंबरी काय सांगते ते बघा. विन्स्टनच्या घरात टेलिस्क्रीन आहे, तो तुम्हाला दाखवतो आणि तुम्हाला बघतोही. तिथे चेहऱ्यावर चुकीचा भाव उमटला तरी तो गुन्हा ठरतो. असा माणूस थरथरेल का? थरथरला असता तर पहिल्या आठवड्यातच उचलला गेला असता. विन्स्टनचा सगळा अभिनय काहीही न दाखवण्याचा आहे. प्रेक्षकाला दिसायला हवा तो एक सपाट, आज्ञाधारक चेहरा आणि त्याच्या आत काहीतरी चाललं आहे याची शंका.

हे कठीण आहे, मान्य. पण आपल्या घरांतल्या पहिल्या नोकरदार पिढीला हा अभिनय कुणी शिकवावा लागला नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी आरक्षणावर विनोद करतो, बाकीचे हसतात, आणि आपला माणूस डब्यातली भाजी शांतपणे कालवत राहतो. भुवईसुद्धा हलत नाही. माझ्या वडिलांनी असे तीस वर्षं डबे खाल्ले. तो चेहरा मला रंगमंचावर बघायचा होता.

ओब्रायनचं उलट झालं. तो ओरडत होता, बुटाने लेव्हल आपटत होता, हिंदी सिनेमातल्या ठाकूरसारखा. रॉबर्ट आइक आणि डंकन मॅकमिलन यांनी २०१३ साली इंग्लंडमध्ये याच कादंबरीचं नाट्यरूपांतर केलं. ते आधी नॉटिंगहॅमला, मग लंडनला आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं. तिथे रीड बर्नी या नटाने ओब्रायन शांत आवाजात केला, फायली हातावेगळ्या करणाऱ्या साहेबासारखा. सत्तेला ओरडावं लागत नाही हे त्या नटाला कळलं होतं. आपल्याकडे तर हे शेंबड्या पोरालाही कळतं. दाखला अडवणारा कारकून कधी ओरडलेला पाहिलाय? तो म्हणतो, उद्या या.

आता नेपथ्य. कल्याणच्या प्रयोगात काळा पडदा, काटेरी तार, मागे भलामोठा डोळा आणि सगळीकडे लाल दिवा होता. म्हणजे प्रेक्षकाला दाराशीच सांगून टाकलं की ही भयाण जागा आहे, तुमच्या जागेशी हिचा संबंध नाही. क्लोई लॅमफर्ड हिने त्या इंग्रजी प्रयोगासाठी केलेलं नेपथ्य याच्या नेमकं उलट होतं. लाकडी तावदानांची एक साधी, जुनाट खोली. विन्स्टन आणि ज्यूलिया ज्या खोलीत चोरून भेटतात ती रंगमंचावर थेट दिसत नाही, वरच्या पडद्यावर व्हिडिओत दिसते. दोघांना वाटतं आपण एकटे आहोत, आणि पूर्ण प्रेक्षागृह टेलिस्क्रीनच्या जागी बसून त्यांना बघत असतं. पुढे ते अटक होतात, सगळी लाकडी खोली उखडली जाते आणि उरतो लख्ख पांढरा प्रकाश. मारहाण दिसत नाही. ब्लॅकआउट होतो, दिवे लागतात तेव्हा अंगावर आधी नसलेलं रक्त असतं. नाटकाची लांबीही १०१ मिनिटं, मध्यंतर नाही. छळाच्या खोलीचा क्रमांकच १०१.

कसब मोठं आहे, पण त्यापुढे हात जोडून उभं राहायला मी तयार नाही. न्यूयॉर्कला लोक चक्कर येऊन पडले, ओकले, तेरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश बंद झाला, आणि या सगळ्याच्या बातम्या झाल्या. भीती ही बघण्याची वस्तू झाली. खैरलांजी ज्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि ज्यांनी ती आपल्या नात्यात मोजली, त्यांच्या भीतीत फरक आहे. ज्याला घरी परत जाऊन दिवा मालवून झोपता येतं त्याला असलं नाटक थरार वाटतं.

म्हणून मी पोरांना म्हटलं, डोळा काढा, तार काढा. त्याऐवजी एक दार ठेवा आणि दारावर नावाची पाटी. ठाणे असो, डोंबिवली असो, भाड्याने घर बघायला गेलात की भाडं, पाणी, लिफ्ट यांच्या आधी कुठला प्रश्न येतो? “आडनाव काय?” मग “गाव कुठलं?” मग “व्हेज ना?” आणि मग घर अचानक कालच दिलेलं निघतं. ऑर्वेलला भिंतीवर यंत्र बसवावं लागलं. जातिव्यवस्थेत तो खर्च नाही, शेजारीच ते काम फुकटात करतो. ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीचा, पण तो तिथे वाढला नाही. वाढला असता तर यंत्राची गरज पडली नसती, असं मला उगाच वाटतं.

माझा खरा राग मात्र पुढे आहे. कादंबरीत एक बाई आहे. धिप्पाड, हात राकट, अंगणात दोरीवर लंगोट वाळत घालते आणि गाणं म्हणते. विन्स्टन तिला खिडकीतून बघतो. ती ‘प्रोल’ आहे, कष्टकरी. पुस्तकात या प्रोलांची संख्या लोकसंख्येच्या ८५ टक्के सांगितली आहे आणि आशा असलीच तर त्यांच्यातच, असं विन्स्टन डायरीत लिहितो. ८५ हा आकडा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कांशीरामांनी ८५ विरुद्ध १५ हे गणित गावोगाव फिरून मांडलं आणि १४ एप्रिल १९८४ रोजी, योगायोगाने त्याच साली, बहुजन समाज पक्ष उभा केला.

कल्याणच्या एकांकिकेत त्या बाईचं काय झालं? विंगेतून रेकॉर्ड केलेलं गाणं वाजलं. बस्स. ८५ टक्के माणसं पार्श्वसंगीतात गेली, आणि १५ टक्क्यांतला एक कारकून दुःखी आहे म्हणून आम्ही पाऊण तास बसलो.

मराठी रंगभूमीवर याचा पर्याय नाही असं नाही. उत्तम बंडू तुपे यांच्या ‘झुलवा’ कादंबरीचं नाट्यरूप चेतन दातार यांनी केलं, वामन केंद्रे यांनी १९८७ मध्ये ते बसवलं, सयाजी शिंदे यांचं नाव लोकांना त्यातून कळलं. देवाला सोडलेल्या मुली आणि जोगते तिथे मागे उभी केलेली गर्दी नव्हते, नाटकच त्यांचं होतं. त्याला कुणी दुःस्वप्नाचं नाटक म्हटलं नाही, कारण ते उद्याचं नव्हतं, चालू होतं. २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ पुण्याच्या सफाई कामगारांना घेऊन केलं. झाडू हातात कसा धरतात हे त्या नटांना दिग्दर्शकाने शिकवलं नसणार.

आमच्यातला एकजण म्हणाला, “दादा, मग ऑर्वेल कशाला? आपलंच काहीतरी करू ना.” प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर शेवटच्या प्रसंगात आहे. विन्स्टनला ठार मारत नाहीत, आधी त्याला मोठ्या भावावर प्रेम करायला लावतात. कादंबरी जून १९४९ मध्ये आली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. साडेपाच महिन्यांच्या अंतराने दोन माणसं एकाच रोगाचं नाव घेत होती. फरक असा की बाबासाहेब भक्तीच्या देशात उभे राहून बोलत होते. म्हणून आपला विन्स्टन शेवटी रडणार नाही. तो प्रसन्न दिसला पाहिजे, आरतीला उभ्या माणसासारखा. नटाने तिथे जरासुद्धा दुःख दाखवलं तर नाटक फसलं.

मराठीत जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, ही गंमत या नाटकाच्या बाबतीत आणखीच रंगते. या पूर्वतपासणीविरुद्ध अमोल पालेकर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. आरतीचा प्रसंग कागदावर कसा लिहायचा यावर पोरांचं सध्या डोकं चाललं आहे.

बाईची भूमिका आमच्या कोळसेवाडीतली एक मुलगी करते आहे. तिची आई चार घरची धुणी करते. परवा तालमीत तिने दोरी विंगेजवळ न बांधता रंगमंचाच्या मधोमध, अगदी पुढे बांधली. विन्स्टन करणारा म्हणाला, “मी झाकला जातोय.” ती म्हणाली, “मग बाजूला हो.”