पट्टे कोठून सुरू होतात?

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा हंगाम लागला की कागल तालुक्यातले उसाचे फड रिकामे होऊ लागतात. पाचटातले उंदीर पळतात, त्यांच्या मागावरचे सापही उघड्यावर येतात. मग ठरलेले नियम ऐकू येतात: तिकोनी डोक्याचा साप विषारी, दोन दात उमटले तरच विष, दातांची रांग उमटली तर काळजी नाही.

दोन्ही नियम खोटे आहेत, आणि जिवावर बेतणारे आहेत.

तिकोनी डोके घोणस आणि फुरशाचे. नाग आणि मण्यार यांचे डोके तसे नसते. उलट मांजऱ्या सापाचे डोके मानेहून रुंद, अंगावर नक्षी. फुरसे समजून तो ठेचला जातो. त्याचे विष इतके सौम्य की माणसाला त्यापासून धोका नाही. दातांच्या नियमाची तर मण्यारीपुढे धडगत नाही. तिचे दात बारीक, त्यामुळे खूण अनेकदा दिसतच नाही. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते. वेदना नाही, सूज नाही. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, पुढे श्वास अडतो.

मग साप ओळखूच नयेत? जरूर ओळखावेत, पण दिसणाऱ्या सारखेपणाला धरून, जोडीजोडीने. मण्यार निळसर काळी. तिचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात, डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पाली खाणारा कवड्या तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीच्या पाठीवरचे मोठे षट्कोनी खवले ही पक्की खूण खरी, पण ती पाहायला फार जवळ जावे लागते, म्हणून शेतकऱ्याच्या कामाची नाही. घोणसाच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डुरक्या घोणसाचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड. नाग समजून मारल्या जाणाऱ्या धामणीला फणा नसतो, ओठांवर काळ्या रेघा असतात.

अंधारात पट्टे कोण पाहणार, हा आक्षेप रास्त आहे. ही ओळख दुरून सापाला वाट देण्यासाठी आहे, चाव्यानंतर घरी बसून निवाडा करण्यासाठी नव्हे. साप मारून दवाखान्यात न्यावा हा सल्लाही टाकाऊच. त्या धडपडीत दुसरा चावा बसतो. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्रच असते. डॉक्टर लक्षणे पाहतात, काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटे ठेवून ते गोठते का हे तपासतात.

कागलच्याच जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या शाळेने सर्पालय उभारून मुलांना साप दाखवून शिकवले. ऊसतोडणीच्या टोळ्यांनाही हे शिक्षण हंगामाआधी मिळायला हवे. त्याबरोबर त्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, खाट हवी आणि कडा अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी हवी. मण्यारीचा रात्रीचा चावा त्याने टळू शकतो.