चुकीचं पान टाकण्याचा हक्क

मांडव्याच्या बोटीवर एकदा सहज मान वर करून बघा. शनिवारी सकाळी चार-सहा जणांचे घोळके अलिबाग, नागाव, काशिदला निघालेले असतात. महिनाभर ग्रुपवर तारखांचा घोळ घालून, कुणाची रजा, कुणाच्या घरची परवानगी असं सगळं जमवून ही मंडळी एका बाकावर आलेली असतात. बोट सुटते. दहा मिनिटं सीगलना वेफर्स टाकून होतात, फोटो होतात, आणि मग सगळ्या माना खाली जातात. त्यातले उत्साही असतात ते "चला, काहीतरी खेळू" म्हणून लुडो उघडतात. चौघांच्या हातात चार फोन, खांद्याला खांदा लागलेला, आणि चौघं एकमेकांशी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरमार्फत खेळतायत.

माझं म्हणणं सरळ आहे. याला मित्रांबरोबर खेळणं म्हणू नये. बोटीवर खेळायचं तर पत्त्यांचा कॅट काढा, आणि चौघं असाल तर मेंढीकोट खेळा. हे सांगणारा कुणी आठवणींत रमलेला काका नाही. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलंय, आणि दोन वर्षं पत्त्यांच्या खेळाचं अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत कोड लिहिलाय. तक्रार करतोय ती स्वतःच्या हातच्या कामाबद्दल.

आधी जागेचं बोलू, कारण रायगडच्या किनाऱ्यावर सगळ्या बोटी सारख्या नाहीत. आगरदांडा-दिघी किंवा बागमांडला-वेसवीच्या जंगलजेटीवर गाडी चढवून हँडब्रेक लावेपर्यंत पलीकडचा धक्का जवळ आलेला असतो. तिथे भेंड्यांची एक फेरी होते, तीही कुणी 'ळ'वर अडकवलं नाही तर. राजपुरीहून जंजिऱ्याला नेणाऱ्या होडीत खेळ काढूच नये, नावाडी सांगेल तिथे बसावं. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचच्या वरच्या डेकवर वारा पानं घेऊन जातो, म्हणून खालच्या मजल्यावर, मांडीवर सॅक आडवी टाकून खेळायचं. आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, जी मार्च २०२०मध्ये सुरू झाली, ती तर या कामासाठीच बांधलीय असं वाटतं. प्रवास साधारण तासाभराचा. बसायची जागा बंदिस्त. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात तेव्हाही ती हवामान बघून चालते. पेण-वडखळमार्गे शंभरेक किलोमीटर गाडी हाकण्याऐवजी हा एक तास हातात येतो, आणि त्यात मेंढीकोटाचे सात-आठ डाव आरामात बसतात.

बोटीवर खेळायच्या खेळांच्या याद्या वाचल्या की कळतं, लिहिणाऱ्याने बोट लांबूनच पाहिलीय. जेंगा सुचवणाऱ्याला तर मी नमस्कारच करतो. 'नाव-गाव-फळ-फूल' चांगला खेळ आहे, पण हलत्या बोटीत कागदात डोकं घालून पाच मिनिटं लिहून दाखवा, सकाळचे पोहे वर येतील. फोनचंही तेच. पत्त्यांत निदान दर पानाला नजर वर जाते, समोरच्याच्या तोंडाकडे. सहा-सात जण असतील तर बदाम सात, झब्बू, नॉट-अ‍ॅट-होम आहेतच. पण मेंढीकोट वेगळा, कारण त्यात भिडू असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चौघं, समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. प्रत्येकाला तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे मेंढ्या, त्या पकडायच्या. तीन किंवा चार मिळाल्या तर डाव तुमचा, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त त्यांचा, चारही मिळाल्या तर कोट. उतारीला आलेला रंग हातात असेल तर तोच टाकायचा, नसेल तर हुकमाने कापायचं किंवा दुसरं काहीतरी फेकायचं. एवढंच. बाकी सगळं भिडूच्या चेहऱ्यावर.

आता "रंग असेल तर तोच टाकायचा" हा नियम पाळला जातोय की नाही, हे बघणार कोण? बोटीवर त्याचं उत्तर आहे, बाकीचे तिघं. ते लक्ष ठेवतात, पानं मोजतात, आणि एरवी विश्वास ठेवतात. अ‍ॅपमध्ये त्याचं उत्तर होतो मी. उतारी बदामाची असेल तर तुमच्या हातातली बाकीची पानं करडी होतील, दाबली तरी जाणार नाहीत, हा कोड मी लिहिला. चूक करणं अशक्य केलं. सगळ्यांना ते आवडलं, मलाही. दुसरी गोष्ट, वेळेत पान टाकलं नाही किंवा नेटवर्क गेलं तर सर्व्हर तुमच्या वतीने पान टाकेल, म्हणजे बाकीच्यांचा खोळंबा नको. तेही मीच लिहिलं. या दोन सोयींमुळे खेळ गुळगुळीत झाला. त्यामुळे खेळातून काय निघून गेलं, ते मला रो-रोवर कळलं.

२०२४चा जुलै. हॉस्टेलपासूनचे आम्ही चौघं नागावला निघालो होतो. बाहेर पाऊस, खिडक्यांवरून पाणी ओघळतंय, लांबवर नांगरून पडलेली तेलवाहू जहाजं धुरकट दिसतायत. आम्ही अर्थातच लुडो उघडला. अर्ध्या वाटेत नेटवर्क येईना-जाईना झालं. चौघांपैकी दोघांचे फोन लटकले आणि त्यांच्या सोंगट्या आपोआप चालायला लागल्या. ज्याच्या सोंगट्या चालत होत्या तो चहा आणायला गेला होता. परत आला तेव्हा तो जिंकत होता. आम्ही हसलो, पण मला मनातून ओशाळल्यासारखं झालं. ज्या खेळाला तुम्ही असलात काय, गेलात काय, काहीच फरक पडत नाही, तो मित्रांबरोबरचा खेळ कसा?

शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ, बहुतेक दर आठवड्याला ये-जा करणारे, हे सगळं बघत होते. त्यांनी पिशवीतून कॅट काढून आमच्याकडे सरकवला. "घ्या. उतरायच्या आधी मोजून परत द्या, बावन्न आहेत."

तिसऱ्या डावात भांडण झालं. माझ्या भिडूने बदामाची दश्शी हुकमाने कापली. मेंढी आमच्याकडे आली, मी खूश. चार हातांनंतर त्याच गड्याने बदामाची छक्की टाकली. समोरचे दोघं उसळलेच. बदाम होता तर कापलंस कसं? त्याला स्वतःलाही कळेना. तो असा खेळाडू नव्हता. हॉस्टेलवर बावन्नच्या बावन्न पानं लक्षात ठेवायचा. मी वैतागून म्हणालो, "अरे, लक्ष कुठंय तुझं?"

त्याने पानं पालथी ठेवली. मग बोलला. दोन वर्षांत पैशांच्या ऑनलाइन रमीत त्याचे अडीच लाख गेले होते. त्यातले काही आमच्याकडून वेगवेगळी कारणं सांगून घेतलेले. घरी माहीत नव्हतं. रात्री झोप लागत नव्हती. मांडवा येईपर्यंत आम्ही पुढचं एकही पान टाकलं नाही. कॅट मोजून परत दिला.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दोन वर्षांत तो रात्र-रात्र पत्तेच खेळत होता. अनोळखी माणसांबरोबर, हजारो डाव. त्याचं चित्त थाऱ्यावर नाही, हे एकालाही कळलं नाही. कळणार कसं? सगळ्या बाजूंनी असे अडसर घातले की घाबरलेला, न झोपलेला, बुडत चाललेला माणूसही स्क्रीनवर इतरांसारखाच दिसतो. आम्हाला कळलं ते त्याने चुकीचं पान टाकलं म्हणून. ते पान टाकायची मुभा त्याला साध्या कागदी पत्त्यांनी दिली. आणि चूक पकडणारे त्याचे मित्र होते, म्हणून ओरडून झाल्यावर पुढचा प्रश्नही विचारला गेला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पत्ते म्हणजे जुगार, आणि वाईट उदाहरण तूच दिलंस. फरक नीट बघा. महाराष्ट्रात लागू असलेला १८८७चा जुगारविरोधी कायदासुद्धा कौशल्याचा खेळ वेगळा काढतो. रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकात म्हटलं, आणि पुढे त्याच वाक्याची ढाल करून ऑनलाइन रमीचा धंदा फोफावला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चांगलं झालं. पण जुगार पानांमध्ये नव्हता, पैशांत होता, आणि समोर माणूस नसण्यात होता. समोर बसलेल्या मित्राने तुम्हाला अडीच लाखांपर्यंत जाऊच दिलं नसतं. पाचशेला हात धरला असता.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. दूर गेलेल्या मित्रांसाठी फोनवरचा खेळ हाच आधार असतो. लॉकडाउनमध्ये आम्हीही तसंच खेळलो आणि त्याने बरं वाटलं. पण ती सोय होती अंतरासाठी. बोटीवर अंतर एका हाताचं आहे. तिथे सर्व्हर मध्ये घेणं म्हणजे शेजारच्या खोलीतल्या आईला पत्र पाठवण्यासारखं झालं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत तगडा: खेळता कशाला, समुद्र बघा की! बघा ना. पहिल्यांदा जात असाल तर कॅट काढूच नका. पण समुद्र बघणारा आणि पत्ते खेळणारा यांच्यात भांडण नाही. पानं पिसून होईस्तोवर चौघंही खिडकीबाहेरच बघत असतात. आणि एक गोष्ट खेळाच्याही आधीची. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली. तेव्हा आधी लाइफ जॅकेट चढवा, आपल्यात किती जण आहेत ते मोजा, मग पानं वाटा. जॅकेट घालून पत्ते खेळता येतात. कोपरं अडतात, पण जमतं.

त्या सहलीनंतर तीन महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. याचं भांडवल करत नाही, पगार बरा मिळत होता म्हणून दुसरीकडे गेलो, एवढंच खरं. मित्राचं कर्ज अजून फिटतंय, हप्त्याहप्त्याने. घरी सांगितलं, आम्ही दोघं सोबत गेलो होतो. फोनवर तो आता काहीच खेळत नाही. मेंढीकोट मात्र खेळतो, आमच्याशीच, आणि पुन्हा पानं मोजायला लागलाय.

पन्नास-शंभर रुपयांचा कॅट, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. चार्जिंग लागत नाही, नेटवर्क लागत नाही. एकच सूचना: हुकूम आधी बंद ठेवायचा की पहिल्यांदा कापेल त्याचा धरायचा, यावरून वाद होणारच, तो शक्यतो धक्क्यावर मिटवून घ्या. नाही मिटला तरी हरकत नाही. बोटीवर भांडायला तासभर आहे, आणि मध्येच उठून जायला जागा नाही.